उपप्रांत ते अनुशेष : सुलतानपूरहून पाहिलेला विदर्भ

मेहकरहून सिंदखेडराजाकडे जाणाऱ्या जुन्या नागपूर-मुंबई रस्त्यावर सुलतानपूर लागते. लोणारला जाणारा रस्ता येथूनच फुटतो. सरोवर पाहायला निघालेली मंडळी या फाट्यावर क्षणभर थांबतात, चहा घेतात आणि पुढे जातात. गावाकडे वळून पाहण्याचे कारण त्यांना सहसा पडत नाही. आज हे गाव बुलढाणा जिल्ह्याच्या लोणार तालुक्यात आहे, पूर्वी ते मेहकर तालुक्यात मोडत असे. एवढ्याशा गावावरून एका राजकीय पक्षाचा आणि त्या पक्षाने मांडलेल्या प्रांतिक स्वायत्ततेच्या मागणीचा विचार करावा, हे वाचकांना काहीसे चमत्कारिक वाटेल. परंतु विदर्भाच्या चळवळीचा इतिहास आजवर बहुधा नागपूरहून किंवा मुंबईहून लिहिला गेला आहे. त्या दोन्ही ठिकाणांहून जे दिसत नाही, ते या कोपऱ्यातून दिसते, असे आम्हांस वाटते.

प्रथम या गावाचा पत्ता कसकसा बदलला ते पाहू. अकबराच्या काळात वऱ्हाड सुभ्यात मेहकर हे सरकार होते आणि हा सारा मुलूख त्यात येई. पुढे भोसले आणि निजाम यांच्या दुहेरी अमलातून वऱ्हाड गेले. १८०३ च्या देवगावच्या तहाने वर्धा नदीच्या पश्चिमेकडील भाग भोसल्यांच्या हातून सुटला आणि निजामाकडे राहिला. १८५३ मध्ये कंटिन्जंट फौजेच्या खर्चापोटी निजामाने वऱ्हाड इंग्रजांच्या स्वाधीन केले. स्वाधीन केले म्हणजे दिले नव्हे. सार्वभौमत्व निजामाचे आणि कारभार इंग्रजांचा, अशी ही व्यवस्था होती. १९०२ मध्ये लॉर्ड कर्झनने वर्षाला २५ लाख रुपये देऊन ते कायमच्या पट्ट्याने घेतले आणि १९०३ मध्ये मध्य प्रांताच्या कारभाराला जोडले. १९३६ च्या कराराने निजामाचे नाममात्र स्वामित्व पुन्हा एकदा मान्य झाले आणि त्याच्या युवराजाला ‘प्रिन्स ऑफ बेरार’ हा किताब मिळाला. १९५० मध्ये मध्य प्रांत व वऱ्हाडाचे मध्य प्रदेश राज्य झाले. १ नोव्हेंबर १९५६ रोजी वऱ्हाड द्वैभाषिक मुंबई राज्यात आले आणि १ मे १९६० रोजी महाराष्ट्रात. एवढ्या काळात सुलतानपूरच्या शेतकऱ्याची बोली वऱ्हाडीच राहिली. बदलत गेले ते त्याच्या शेतसाऱ्याचा पैसा जेथे जाई ते ठिकाण, आणि त्याचा अर्ज जेथे निकालात निघे ते दफ्तर.

आणखी एक गोष्ट ध्यानात घ्यावी. लोणारच्या दक्षिणेला मंठा आणि जिंतूर हे तालुके लागतात. १९५६ पर्यंत ते हैदराबाद राज्यात होते. म्हणजे सुलतानपूरहून थोडे दक्षिणेकडे चालत गेले की मराठी बोलणाऱ्या एका गावातून मराठीच बोलणाऱ्या दुसऱ्या गावात जाताना राज्याची सीमा ओलांडावी लागे. सोयरीक सीमेपलीकडे, बाजार सीमेपलीकडे आणि कायदा मात्र वेगळा. भाषावार प्रांतरचनेचे समर्थन अशा गावांना कोणी पुस्तकातून शिकवावे लागले नाही. पण त्याच गावांनी तीन राजधान्यांचे दुर्लक्षही सोसले होते; म्हणून स्वायत्ततेची भाषाही त्यांना परकी नव्हती. या दोन भावनांची ओढाताण हाच पुढच्या इतिहासाचा गाभा आहे.

‘विदर्भ’ या नावापासूनच सुरुवात करावी लागेल, कारण या नावाचा अर्थ गेल्या शंभर वर्षांत पालटला आहे. साहित्याच्या विद्यार्थ्याला विदर्भ भेटतो तो रुक्मिणीच्या आणि दमयंतीच्या कथांत, संस्कृत साहित्यशास्त्रातल्या वैदर्भी रीतीत आणि कालिदासाच्या ‘मालविकाग्निमित्रा’त. त्या नाटकाच्या शेवटी विदर्भाच्या राज्याची वाटणी होते : यज्ञसेन आणि माधवसेन या दोन चुलतभावांत ते विभागले जाते आणि वरदा नदी, म्हणजे आजची वर्धा, ही मधली सीमा ठरते. १८०३ च्या तहात पुन्हा तीच नदी सीमा झाली. नदीच्या पूर्वेला नागपूरकर भोसल्यांचा मुलूख आणि पश्चिमेला वऱ्हाड, ही विभागणी लोकांच्या मनात इतकी मुरली होती, की १९२० च्या नागपूर अधिवेशनानंतर काँग्रेसने भाषेनुसार प्रांतिक समित्या नेमल्या तेव्हा नागपूर आणि वऱ्हाड या दोन वेगळ्या समित्या झाल्या. त्यांतली वऱ्हाडची समिती ती विदर्भ समिती. त्या काळी विदर्भ म्हणजे अमरावती, अकोला, यवतमाळ आणि बुलढाणा हे चारच जिल्हे. नागपूर, वर्धा, चांदा आणि भंडारा हे चार जिल्हे मिळवले की त्याला ‘महाविदर्भ’ म्हणत. पुढे स्थापन झालेल्या ‘नाग-विदर्भ आंदोलन समिती’च्या नावातले जोडचिन्ह याच जुन्या विभागणीची खूण आहे. नाग म्हणजे नागपूर आणि विदर्भ म्हणजे वऱ्हाड. आज अकरा जिल्ह्यांना मिळून आपण सरसकट विदर्भ म्हणतो, तेव्हा हे जोडचिन्ह विसरतो.

वऱ्हाडची घटनात्मक अवस्था विचित्र होती आणि स्वायत्ततेच्या विचाराचे मूळ त्या विचित्रपणात आहे. वऱ्हाड कायद्याने ब्रिटिश हिंदुस्थानाचा भागच नव्हता. १९१९ च्या सुधारणांनंतर वऱ्हाडातील मतदारांनी निवडलेले प्रतिनिधी नागपूरच्या कौन्सिलात जात ते तांत्रिकदृष्ट्या सरकारनियुक्त सभासद म्हणून. लोकांनी निवडायचे आणि सरकारने नेमल्यासारखे करायचे, असा हा प्रकार. त्यात मध्य प्रांत हा हिंदी जिल्ह्यांचे बहुमत असलेला प्रांत. वऱ्हाडची काळी जमीन आणि तिच्यातला कापूस यांतून निघणारा महसूल प्रांताच्या इतर भागांवर खर्च होतो, ही तक्रार तेथील पुढाऱ्यांच्या भाषणांत सतत ऐकू येई. १९२३ पासून निजाम वऱ्हाड परत मागू लागला आणि १९२६ मध्ये लॉर्ड रीडिंगने त्याला ठाम नकार दिला. या सगळ्या पत्रव्यवहारात वऱ्हाडच्या रहिवाशांना काय हवे आहे हा प्रश्न मध्यवर्ती नव्हता. आपल्याविषयीचे निर्णय आपल्याला न विचारता होतात, हा अनुभव येथील सुशिक्षितांनी तेव्हापासून घेतला आहे.

याच भूमीत १९२६ मध्ये अकोल्याला प्रतियोगी सहकारिता पक्ष स्थापन झाला. आदल्या वर्षी अमरावतीचे श्रीपाद बळवंत तांबे यांनी मध्य प्रांताच्या कार्यकारी मंडळातली जागा स्वीकारली आणि स्वराज्य पक्षात वादळ उठले. जयकर, केळकर, मुंजे आणि अणे या मंडळींनी मग वेगळी वाट धरली. मिळालेली सत्ता वापरावी आणि वापरता वापरता वाढवावी, हा टिळकांच्या प्रतियोगी सहकारितेचा धागा त्यांनी पुढे नेला. हा पक्ष विदर्भवादी नव्हता. पण सत्ता जेथे आहे तेथे जाऊन ती मागावी आणि नियमांच्या चौकटीत तिचा वाटा मिळवावा, ही त्याची वृत्ती पुढच्या विदर्भवादाने उचलली असे आमचे मत आहे. दोन्हींना जोडणारा माणूस एकच : लोकनायक बापूजी अणे.

अणे यांच्याविषयी साहित्याच्या विद्यार्थ्यांना थोडे सांगितले पाहिजे. १८८० मध्ये वणी येथे जन्मलेले माधव श्रीहरी अणे हे १९२८ च्या ग्वाल्हेरच्या मराठी साहित्य संमेलनाचे अध्यक्ष होते. १९३० मध्ये पुसदला त्यांनी जंगल सत्याग्रह केला. १९४१ मध्ये ते व्हाइसरॉयच्या कार्यकारी मंडळात गेले आणि १९४३ मध्ये गांधीजींच्या उपोषणाच्या वेळी राजीनामा देऊन बाहेर पडले. पुढे ते बिहारचे राज्यपाल झाले. वृद्धापकाळी त्यांनी संस्कृतात ‘तिलकयशोऽर्णव’ हे टिळकांचे काव्यमय चरित्र लिहिले आणि त्याला १९७३ चा साहित्य अकादमी पुरस्कार मरणोत्तर मिळाला. विदर्भाची मागणी ही मराठी न बोलणाऱ्या धनिकांची मागणी आहे, असा आरोप त्या काळी वारंवार होई. अकोल्याचे ब्रिजलाल बियाणी यांच्याकडे बोट दाखवून तो केला जाई. बियाणी हिंदी भाषक होते, हिंदीत लिहीत, हे खरे. पण अण्यांसारखा मराठी साहित्य संमेलनाचा अध्यक्ष तीच मागणी करत होता, तेव्हा तिला मराठीद्रोह म्हणणे कितपत रास्त होते? या प्रश्नाला समाधानकारक उत्तर आम्हांस त्या काळच्या वादविवादात सापडत नाही.

१९३८ मध्ये मध्य प्रांत व वऱ्हाडच्या विधिमंडळाने मराठी जिल्ह्यांचा वेगळा प्रांत करण्याचा ठराव संमत केला. तो प्रामुख्याने हिंदी जिल्ह्यांच्या वर्चस्वापासून सुटका मागणारा ठराव होता. आठच वर्षांनी, १९४६ मध्ये, बेळगावच्या साहित्य संमेलनात संयुक्त महाराष्ट्राचा ठराव झाला. त्या संमेलनाचे अध्यक्ष होते नागपूरच्या ‘तरुण भारत’चे संपादक ग. त्र्यं. माडखोलकर. म्हणजे विदर्भातला एक साहित्यिक संमेलनाध्यक्ष स्वतंत्र विदर्भ मागत होता आणि दुसरा अखंड महाराष्ट्र. दोघांचीही मराठीवरची निष्ठा वादातीत होती. ‘विदर्भ विरुद्ध महाराष्ट्र’ हा झगडा बाहेरच्यांशी नव्हता. तो मराठी मनाच्या आतला होता, हे या दोन नावांवरून स्पष्ट व्हावे.

या झगड्यातून वाट काढण्याचा पहिला गंभीर प्रयत्न म्हणजे ८ ऑगस्ट १९४७ चा अकोला करार. स्वातंत्र्याला आठवडा उरला असताना शंकरराव देव यांच्या पुढाकाराने पश्चिम महाराष्ट्राचे आणि महाविदर्भाचे नेते अकोल्यात बसले. त्यांनी काढलेला तोडगा आज वाचताना त्यातल्या एका शब्दापाशी थांबावे लागते. तो शब्द ‘उपप्रांत’ होय. संयुक्त महाराष्ट्र हा एक प्रांत असावा आणि त्यात पश्चिम महाराष्ट्र व महाविदर्भ हे दोन उपप्रांत असावेत. उपप्रांतांना आपापले विधिमंडळ आणि मंत्रिमंडळ असावे. आणि हे साधले नाही तर वेगळ्या महाविदर्भ प्रांताची मागणी करावी, असा त्याचा आशय होता. भाषेचे ऐक्य प्रांताला आणि कारभाराचा अधिकार उपप्रांताला, अशी ही विभागणी. सुलतानपूरसारख्या गावाच्या दोन्ही भावनांना एकाच वेळी जागा देणारा असा दुसरा मसुदा मराठी राजकारणात आम्हांस आढळलेला नाही.

सहा वर्षांनी, २८ सप्टेंबर १९५३ रोजी, नागपूर करार झाला. सह्या करणाऱ्यांत पश्चिम महाराष्ट्राकडून भाऊसाहेब हिरे, यशवंतराव चव्हाण ही मंडळी होती, विदर्भाकडून रा. कृ. पाटील, रामराव देशमुख, शेषराव वानखेडे आणि बुलढाणा जिल्ह्यातले सत्यशोधक कार्यकर्ते पंढरीनाथ पाटील. हे तेच पंढरीनाथ पाटील, ज्यांनी १९२७ मध्ये महात्मा फुले यांचे चरित्र लिहिले. दोन्ही करार शेजारी ठेवून वाचले, तर भाषेतला बदल डोळ्यांत भरतो. नागपूर करारात उपप्रांत नाहीत, ‘घटक’ आहेत. घटकांना विधिमंडळ नाही; लोकसंख्येच्या प्रमाणात निधी, नोकऱ्या, शिक्षणातल्या जागा आणि मंत्रिमंडळातले प्रतिनिधित्व आहे. उच्च न्यायालयाचे एक पीठ नागपूरला, आणि वर्षातून एकदा विधिमंडळाचे अधिवेशन नागपूरला. १९४७ मध्ये अधिकार वाटून घ्यायचा होता. १९५३ मध्ये अधिकार एका ठिकाणी ठेवून त्याची फळे वाटून द्यायची ठरले. या दोन कल्पनांमधले अंतर तेव्हा फारसे कोणाच्या लक्षात आले नसावे, कारण दोन्ही करारांवर ‘न्याय्य वाटा’ या एकाच भावनेचे पांघरूण होते.

राज्य पुनर्रचना आयोगाने मात्र ३० सप्टेंबर १९५५ च्या अहवालात वेगळाच निर्णय दिला. फाजल अली, हृदयनाथ कुंझरू आणि के. एम. पण्णीकर या तिघांनी आठ मराठी जिल्ह्यांचे स्वतंत्र विदर्भ राज्य सुचवले. क्षेत्रफळ ३६,८८० चौरस मैल, लोकसंख्या सुमारे ७६ लाख. त्याच वर्षी डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी भाषावार राज्यांवरच्या आपल्या पुस्तकात मराठी मुलखाची चार राज्ये करावीत असे सुचवले. एका राज्यात एक भाषा असावी; पण एका भाषेचे एकच राज्य असले पाहिजे असे नाही, हा त्यांचा युक्तिवाद आजही कोणी नीट खोडलेला नाही. त्यांच्या आराखड्यात बुलढाणा जिल्हा पूर्व महाराष्ट्रात जाणार होता. घडले ते तिसरेच. १९५६ मध्ये विदर्भ द्वैभाषिक मुंबई राज्यात आला, नागपूरचे राजधानीपद गेले, आणि सातव्या घटनादुरुस्तीने कलम ३७१ (२) आले. विदर्भ, मराठवाडा व उर्वरित महाराष्ट्र यांच्यासाठी विकास मंडळे नेमण्याची विशेष जबाबदारी राष्ट्रपतींना राज्यपालांकडे सोपवता येईल, एवढी तरतूद त्यात होती. ‘येईल’ हे क्रियापद महत्त्वाचे. ते प्रत्यक्षात यायला १९९४ साल उजाडले.

नाग-विदर्भ आंदोलन समिती या पोकळीतून उभी राहिली. अणे तिचे सर्वमान्य नेते होते. १९५७ च्या निवडणुकीत पश्चिम महाराष्ट्रात संयुक्त महाराष्ट्र समितीने काँग्रेसला धूळ चारली, तेव्हा विदर्भाने काँग्रेसला तारले. विदर्भातला असंतोष अजून मतपेटीत उतरला नव्हता. १९६२ मध्ये मात्र ऐंशी ओलांडलेले अणे नागपूरहून काँग्रेसचा पराभव करून लोकसभेत गेले. १९६८ मध्ये ते वारले. चळवळीची धुरा मग यवतमाळच्या जांबुवंतराव धोट्यांकडे आली. विदर्भात कृषी विद्यापीठ हवे या मागणीसाठी झालेल्या आंदोलनातून धोटे घराघरांत पोहोचले. १९६९ मध्ये अकोल्याचे कृषी विद्यापीठ झाले. १९७१ मध्ये, इंदिरा लाटेच्या ऐन भरात, फॉरवर्ड ब्लॉकचे धोटे नागपूरहून लोकसभेवर निवडून आले. नऊ वर्षांनी, १९८० मध्ये, तेच धोटे त्याच नागपूरहून पुन्हा निवडून आले, पण इंदिरा काँग्रेसच्या तिकिटावर. २००२ मध्ये त्यांनी पुन्हा ‘विदर्भ जनता काँग्रेस’ हा पक्ष काढला. २०१७ मध्ये त्यांचे निधन झाले. मधल्या काळात शरद जोशींनी लहान राज्यांच्या बाजूने विदर्भाला पाठिंबा दिला, १९९७ मध्ये भारतीय जनता पक्षाने भुवनेश्वरला विदर्भाचा ठराव केला. बापूजी अण्यांचे नातू श्रीहरी अणे यांनी तर राज्याचे महाधिवक्ता असताना वेगळ्या राज्यांचा उघड पुरस्कार केला आणि २०१६ मध्ये ते पद सोडले. ठरावांना तोटा नव्हता. मागणी मोठ्या पक्षांच्या जाहीरनाम्यांत शिरली आणि स्वतःच्या पक्षाला मुकली.

या सगळ्यात बुलढाणा जिल्हा कोठे आहे? चळवळीच्या ठळक घटना पाहिल्या तर नागपूर, यवतमाळ, अकोला ही नावे येतात. मेहकर-सिंदखेडराजाकडचा टापू अपवादाने. याची कारणे आम्हांस तीन दिसतात. पहिले, सिंदखेडराजा हे जिजाऊंचे जन्मस्थान. मराठा राज्याची स्मृती जेथे गावाच्या वाड्यात उभी आहे, तेथे महाराष्ट्रापासून वेगळे होण्याची भाषा मनाला सहज पटत नाही. दुसरे, या टापूचे नाते पूर्वेपेक्षा दक्षिण-पश्चिमेशी, मराठवाड्याशी आणि खानदेशाशी अधिक; मंठा-जिंतूरशी जोडली गेलेली वाट पुन्हा राज्याच्या सीमेने तोडायला कोण तयार होईल? तिसरे कारण अधिक अवघड आहे आणि ते नावातल्या त्या जोडचिन्हात आहे. नागपूर ही राजधानी झाली, तर सुलतानपूरला राजधानी जवळ येईल की फक्त दुसरी मिळेल, ही शंका येथे कायम राहिली. ती निराधार नव्हती, याचा पुरावा पुढे आकड्यांनीच दिला.

१९८३ मध्ये वि. म. दांडेकर यांच्या अध्यक्षतेखाली प्रादेशिक असमतोलाविषयी सत्यशोधन समिती नेमली गेली आणि १९८४ मध्ये तिचा अहवाल आला. राज्याचा एकूण अनुशेष तिने ३,१८६.७८ कोटी रुपये काढला, त्यातला १,२४६.५५ कोटी विदर्भाचा, म्हणजे ३९.१२ टक्के. या अहवालाने मराठी राजकारणाला एक शब्द दिला : अनुशेष. अभ्यास कष्टाचा होता आणि तक्रारीला प्रथमच मोजमाप मिळाले, हे त्याचे ऋण मान्य केलेच पाहिजे. पण शब्दासोबत विचारही बदलला. उपप्रांत मागणारा माणूस निर्णयाचा अधिकार मागत होता. अनुशेष मागणारा माणूस राहिलेली बाकी मागतो, आणि बाकी देणारा नेहमी दुसराच असतो. १९९४ मध्ये वैधानिक विकास मंडळे आली, राज्यपालांचे निर्देश आले, निर्देशांक व अनुशेष समिती आली, २०११ मध्ये विजय केळकर समिती नेमली गेली. ३० एप्रिल २०२० रोजी मंडळांची मुदत संपली. २०२२ मध्ये मंत्रिमंडळाने ती पुन्हा स्थापण्याचे ठरवले. या सगळ्या प्रवासात सिंचनाचा अनुशेष इतरत्र भरून निघाल्याचे सांगितले गेले, तरी चार जिल्ह्यांचा दीर्घकाळ उरला : अमरावती, अकोला, वाशीम आणि बुलढाणा. हे चारही वऱ्हाडातले. म्हणजे विदर्भाच्या पोटात आणखी एक विदर्भ निघाला. त्याची तक्रार मुंबईकडे आहे तशी नागपूरकडेही असू शकते.

उपप्रांताची कल्पना अव्यवहार्य होती म्हणून ती सुटली, असे काही अभ्यासक म्हणतात. आम्हांस हे पटत नाही. १९६९ च्या बाविसाव्या घटनादुरुस्तीने आसाम राज्याच्या पोटात मेघालय हे स्वायत्त राज्य निर्माण करण्याची सोय केली आणि १९७० मध्ये ते अस्तित्वात आले, स्वतःच्या विधिमंडळासह. अकोल्याला १९४७ मध्ये जे कागदावर लिहिले गेले, ते भारतीय राज्यघटनेने तेवीस वर्षांनी दुसरीकडे करून दाखवले. विरोधक येथे लगेच म्हणतील, की ते स्वायत्त राज्य १९७२ मध्ये पूर्ण राज्य झालेच. अर्धी वाट कोणाला टिकवता आली? हा आक्षेप वजनदार आहे. पण ब्रिटनमध्ये १९९९ पासून स्कॉटलंडची संसद काम करते आहे आणि २०१४ च्या सार्वमतात तेथील बहुसंख्यांनी वेगळे होणे नाकारले. अर्धी वाट कधी पुढे जाते, कधी मुक्काम ठरते. तिच्यावर पाऊलच न टाकल्याने आपल्याला यातले काहीच कळू शकले नाही.

तेलंगणाची तुलना अधिक बोलकी आहे. त्याच पुनर्रचना आयोगाने तेलंगणाचाही वेगळा विचार करावा असे म्हटले होते. तेथेही १९५६ मध्ये सभ्य गृहस्थांचा करार झाला आणि त्यातली आश्वासने विरली. फरक इतकाच, की तेथे २००१ मध्ये स्थापन झालेला एक पक्ष दुसऱ्या पक्षात विरघळला नाही आणि २ जून २०१४ रोजी राज्य झाले. मात्र तेलंगणाला निजामाच्या राज्याचा एकसंध वारसा होता. विदर्भाला वर्धा नदी होती. आणि तमिळनाडूचे उदाहरण येथे लागू पडत नाही, हेही नमूद करावे. तेथल्या द्रमुक पक्षाने १९६९ मध्ये राजमन्नार समिती नेमली ती दिल्लीकडून राज्याला अधिकार मिळावेत म्हणून. विदर्भाचा वाद दिल्लीशी नव्हता, आपल्याच भाषेतल्या राजधानीशी होता. आपल्याच घरात वाटा मागणाऱ्याला घरफोड्या म्हणणे सोपे असते. मराठी साहित्यविश्वानेही ते पुष्कळदा म्हटले आहे आणि त्याबद्दल आपण, साहित्याच्या शिक्षकांनी, थोडे आत्मपरीक्षण करायला हवे.

कारण ऐक्याचा पुरावा म्हणून आपण नेहमी साहित्यच पुढे करतो. चक्रधरांनी मेहकर आणि लोणारला मुक्काम केला, त्या लीळा म्हाइंभटांनी ऋद्धिपूरला बसून लिहिल्या आणि मराठी गद्याचा पाया वऱ्हाडात घातला गेला. मेहकरचे ना. घ. देशपांडे यांची ‘शीळ’ साऱ्या महाराष्ट्राने ऐकली आणि ‘खूणगाठी’ला १९८६ चा साहित्य अकादमी पुरस्कार मिळाला. उद्धव शेळके यांची ‘धग’ वऱ्हाडी बोलीसह मराठीची झाली. हे सारे खरे आहे. परंतु चक्रधर हिंडले तेव्हा हे प्रदेश यादवांच्या राज्यात होते, ना. घ. यांनी लिहायला सुरुवात केली तेव्हा मेहकर मध्य प्रांतात होते, आणि कवितेला त्याने काही बाधा आली नाही. मराठी साहित्य एकाच राज्याच्या आधारावर कधी उभे नव्हते. विदर्भ साहित्य संघ १९२३ मध्ये स्थापन झाला, तेव्हा महाराष्ट्र राज्य अस्तित्वातही नव्हते. तेव्हा भाषेच्या ऐक्याला धोका आहे म्हणून कारभाराची विभागणी नको, हा युक्तिवाद इतिहासाला धरून नाही. विभागणी नको याची इतर कारणे असू शकतात. आर्थिक असतील, प्रशासकीय असतील. ती त्या त्या भाषेत मांडावीत. मराठीला त्यात ओलीस ठेवू नये.

आम्ही येथे स्वतंत्र विदर्भाचा कौल देत नाही. सुलतानपूरच्या फाट्यावर उभे राहून तो देता येत नाही. तेथून सिंदखेडराजाही दिसते, लोणारही आणि दक्षिणेकडची ती पुसली गेलेली सीमाही. आमचे म्हणणे एवढेच, की १९४७ मध्ये अकोल्याला विचारला गेलेला प्रश्न अनुत्तरित आहे. एका भाषेच्या लोकांनी एकत्र राहून सत्ता आपापसांत कशी वाटून घ्यावी, हा तो प्रश्न. त्याचे उत्तर नागपूर कराराने टक्केवारीत दिले, दांडेकर समितीने कोटींत दिले, आणि नव्या काळाने ते रस्त्याच्या रूपात दिले : नागपूरहून मुंबईला जाणारा समृद्धी महामार्ग याच लोणार-मेहकर तालुक्यांतून जातो आणि दोन राजधान्यांतले तास त्याने कमी केले आहेत. उपप्रांत हा शब्द मात्र मराठीच्या राजकीय कोशातून जवळजवळ गळून पडला आहे. आमच्या विद्यार्थ्यांनी अकोला करार, नागपूर करार आणि कलम ३७१ (२) हे तीन मसुदे एका बैठकीत, एकामागून एक वाचावेत. क्रियापदे कशी बदलत गेली याची टिपणे काढावीत. मग शेवटी स्वतःला विचारावे, की आपल्या गावच्या पाझर तलावाचा निर्णय आज कोणत्या गावी होतो, आणि तो कोठे व्हायला हवा होता.